मीटिंगला गेलो आणि ओळखीचं कुणी भेटलं तर?

पाचोरा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३. शाळा सुटली की रोज दोन क्वार्टर. ते लिहितात: "सकाळी हात थरथरतात. खडूनं फळ्यावर ओळ सरळ येत नाही, म्हणून पहिला तास मी पोरांना धडा वाचायला लावतो. दोन वर्षांपूर्वी मुक्ताईची शपथ घेतली, ती अकरा दिवस टिकली. मागच्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) एकदम बंद केली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडी आली. घरच्यांनी बाहेरचं समजून भगताकडे नेलं. आता ऐकतो की एए नावाच्या मीटिंगा असतात. त्या कशा शोधायच्या, तिथे काय करतात? आणि कुणी ओळखीचं भेटलं तर गावात तोंड कसं दाखवू? बायकोनं चहात टाकायची एक पुडी आणून ठेवली आहे, ती मला सापडली. ती घ्यावी का?"

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही विचारलं मीटिंगबद्दल, पण तुमच्या पत्रातला आकडीचा उल्लेख आधी घ्यावा लागेल. ती आकडी बाहेरची नव्हती. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दोन क्वार्टर म्हणजे रोजचे १२० ग्रॅम. मेंदू वर्षानुवर्षं त्या गुंगीच्या दाबाखाली काम करायला शिकतो. दाब एका दिवसात काढला की तो उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. आकडी बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. त्यानंतर, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काहींना भास होतात, दिवसरात्र कळत नाही, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. आणि ज्याला दारू सोडताना एकदा आकडी आली, त्याला पुढच्या वेळी येण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून तुम्ही आता घरच्या घरी, एकट्यानं, एकदम बंद करायची नाही. "आज रात्रीपासून सोडली" असा निश्चय कितीही खरा असला तरी. आधी मनोविकार विभागाच्या डॉक्टरांना दाखवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सकाळी केस पेपर काढताना "मनोविकार विभाग" सांगायचं. डॉक्टरांना तीन गोष्टी न लपवता सांगा: रोज किती, शेवटची कधी, आणि आधी आकडी आली होती. तिसरी गोष्ट ऐकली की ते बहुधा दाखल करून घेतील. साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. या काळात ठरावीक गोळ्या देऊन त्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात. या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणायच्या नाहीत. त्यांच्यावर दारू पडली तर श्वास बंद पडू शकतो.

एक बारीक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा, कारण खेडेगावात इथे हमखास चुकतं. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून थेट ग्लुकोजची बाटली लावतात. खूप दिवस दारू प्यायलेल्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाईन लावायची वेळ आली तर "हे रोज दारू पितात, आधी बी-१ द्या" एवढं वाक्य बायकोला किंवा भावाला पाठ करून ठेवायला सांगा. आणि पुन्हा आकडी आली, भास सुरू झाले, तर भगत नाही, १०८ ला फोन.

पुडीचं उत्तर सरळ आहे: फेकून द्या. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी लिहीत नाही. बऱ्याचदा डायसल्फिराम नावाच्या औषधासारखंच काहीतरी असण्याची भीती असते. हे औषध खरं आहे, डॉक्टर देतातही, पण माणसाला सांगून, तपासण्या करून, आणि शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास गेल्यावर. औषध अंगात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. औषध थांबवल्यावरही जवळपास दोन आठवडे हा धोका राहतो. ज्याला माहीतच नाही की चहात काय होतं, तो संध्याकाळी नेहमीसारखा बसणार, आणि मग जे होईल ते बायकोच्या हातून झालं असं होईल. तिचा हेतू चांगला आहे. तिच्यावर चिडू नका. तिच्यासमोर बसून ती पुडी तुम्हीच मोरीत रिकामी करा.

आता मीटिंग.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन नावाच्या गावी याची सुरुवात झाली. नुकतीच दारू सोडलेला एक शेअर दलाल परगावी गेला होता. पुन्हा प्यावंसं वाटू लागलं तेव्हा त्यानं गुत्त्याऐवजी दुसरा पिणारा माणूस शोधला. तो एक सर्जन होता. दोघं बोलत बसले. आजही मीटिंगमध्ये तेवढंच होतं: पिणारा पिणाऱ्याशी बोलतो. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. गट आपला खर्च सभासदांच्या वर्गणीतूनच भागवतो, बाहेरून देणगी घेत नाही. त्यामुळे तिथे कुणा पुढाऱ्याचा बॅनर नसतो, शाल-श्रीफळ नसतं, फोटो नसतो. तुमच्यासारख्या माणसाला हे माहीत असणं महत्त्वाचं आहे.

शोधायचं कसं? पुण्या-मुंबईसारखे गट आपल्याकडे दाट नाहीत, म्हणून एकाच ठिकाणी विचारून थांबू नका. १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे. तिथे तालुका आणि जिल्हा सांगून जवळचं केंद्र विचारा. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे, त्यांच्या संकेतस्थळावरून गावानुसार मीटिंगची माहिती मिळते. पण सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे तुम्ही जिथे दाखल व्हाल तिथला समाजसेवक, किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राचा समुपदेशक. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांना विचारा, "इथून बरे होऊन गेलेले लोक मीटिंगला कुठे बसतात?" त्यांच्याकडे चालू नंबर असतात. शिवाय बऱ्याच केंद्रांच्या स्वतःच्या पाठपुराव्याच्या बैठका असतात. ते एए नसेल, पण बसून बोलायचं काम तेच. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चालू आहे. तिथे फोन करून आपल्या भागात पाठपुराव्याची सोय कुठे आहे, हेही विचारता येतं.

नंबर मिळाला की फोनवर हे विचारा: वार कोणता, वेळ कोणती, जागा नेमकी कुठे आणि खूण काय, भाषा मराठी की हिंदी, आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज. ओपन मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं. क्लोज मीटिंगला फक्त स्वतः दारूचा त्रास असलेले. तुम्हाला ओळखीची भीती आहे, म्हणून पहिल्यांदा क्लोज मीटिंग बघा. फोनवर पूर्ण नाव सांगायची गरज नाही. "मला दारू सोडायची आहे, पहिल्यांदा येतोय" एवढं पुरे. आणि निघायच्या दिवशी दुपारी पुन्हा एकदा फोन करा. हे सोडू नका. मीटिंगच्या जागा बदलतात, शाळेची खोली परीक्षेमुळे मिळत नाही, यादीत जुनाच पत्ता राहतो. हिय्या करून पन्नास किलोमीटर गेलेला माणूस कुलूप बघून परतला की तो बहुधा सरळ बारमध्ये शिरतो.

तुम्ही पाचोऱ्याचे, म्हणजे रेल्वेच्या मेन लाइनवर. जळगाव एका बाजूला, चाळीसगाव दुसऱ्या बाजूला, भुसावळही फार लांब नाही. जिथली मीटिंग मिळेल ती परगावची निवडायला हरकत नाही. मात्र मीटिंग बहुधा संध्याकाळी असते आणि तास-दीड तास चालते, म्हणून जायची गाडी बघायच्या आधी परतीची बघा. शेवटची गाडी चुकून स्टँडवर दोन तास बसणं पहिल्या महिन्यात तुम्हाला परवडणार नाही. शनिवार-रविवारची मीटिंग मिळाली तर तीच पकडा. मधल्या दिवसांसाठी ऑनलाइन मीटिंग असतात. तिथे एक काळजी घ्या: मोबाइलवरच्या खात्याला तुमचं पूर्ण नाव आणि फोटो जोडलेला असतो, तो सगळ्यांना दिसतो. आत शिरण्याआधी नाव बदलून नुसतं पहिलं ठेवा, फोटो काढा, हेडफोन लावा. ऑनलाइनवर भागवू मात्र नका. पडदा बंद करून उठणं फार सोपं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. प्लॅटफॉर्मवर कुणी विचारेलच, "कथा जाई राहिनात, गुरुजी?" (कुठे निघालात?) डॉक्टरकडे, असं सांगा. ते खोटं नाही. मीटिंगच्या खोलीत ओळखीचं कुणी भेटलं तर एवढं लक्षात घ्या की तोही त्याच कारणानं तिथे आला आहे. तुम्ही त्याला पाहिलंत तसं त्यानं तुम्हाला पाहिलं. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हा सगळ्यात जुना नियम, आणि तो पाळण्यात दोघांचंही हित आहे. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न "कोणत्या गावचे?" आणि दुसरा "आडनाव काय?" या दोन उत्तरांत जात, भाऊबंद, सोयरे सगळं कळतं. मीटिंगमध्ये हे दोन्ही प्रश्न कुणी विचारत नाही. नुसतं पहिलं नाव. कुणी विचारलंच, तर "पहिलं नाव पुरे" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. दवाखान्याचीही भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले त्रास येतात, आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्या कायद्यानं रुग्णाला दिला आहे.

आणि एक स्पष्ट बोलू का, गुरुजी? संध्याकाळी तुम्ही कुठे थांबता, कोणत्या दुकानातून घेता, हे गावाला माहीत आहे. पहिल्या तासाला पोरं वाचत का बसतात, हे कदाचित पोरांनाही माहीत आहे. तुम्ही सोडायच्या खटपटीत आहात, एवढंच गावाला माहीत नाही.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोहोचा. उशिरा गेलं की सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळतात आणि ते जड जातं. आत दहा-पंधरा खुर्च्या किंवा सतरंजी, एका टेबलावर पातळ पुस्तिका, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे एएच्या वाटेवरच्या बारा टप्प्यांचा, तक्ता. मीटिंग चालवणारा सुरुवातीला थोडं वाचून दाखवतो. काही ठिकाणी क्षणभर शांत उभं राहतात. मग एकेक जण बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. "माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे," इथून सुरुवात, आणि मग चार-पाच मिनिटं स्वतःचं. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हसत नाही. तुम्ही शिक्षक आहात, इतरांचं ऐकून लगेच दुरुस्त करायची सवय असेल. ती इथे आवरावी लागेल. तुमची पाळी आली तर "मी आज फक्त ऐकायला आलोय" म्हणा, पाळी पुढे जाते. मध्येच एक डबा किंवा पिशवी फिरते, ज्याला वाटेल तो दहा-वीस रुपये टाकतो. नव्या माणसानं नाही टाकले तरी चालतं. शेवटी छोटी प्रार्थना: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याचं मनःस्वास्थ्य, जे बदलता येतं ते बदलायचं धैर्य, आणि दोन्हींतला फरक कळण्याची बुद्धी. "ईश्वर" हा शब्द येतो, पण कुणाचा देव कोणता हे ज्याचं त्यानं ठरवायचं. न मानणारेही बसतात.

मीटिंग संपली की लगेच चप्पल घालून पळू नका. खरी मीटिंग पुष्कळदा नंतरच्या चहाच्या पंधरा मिनिटांत होते. तिथे तीन जणांचे फोन नंबर घ्या. एक नको, तीन, कारण लागेल त्या क्षणी एकाचा फोन बंद असतो. आणि दुसऱ्याच दिवशी, काही काम नसताना, एकाला फोन करा: "काल भेटलो होतो, सहज केला." असा एक फोन आधी झालेला असला की तलफ आल्यावर बोट त्या नंबरावर जातं. नाहीतर जात नाही. फोन पहिला घोट घेण्याआधी करायचा असतो. नंतर केला तर समोरचा ऐकून घेईल, पण त्या रात्री त्याच्या हातात फार काही उरत नाही.

काही मीटिंगांनंतर स्पॉन्सर शोधा. म्हणजे असा एक जण, जो किमान वर्षभर सोबर आहे आणि ज्याला तुम्ही सगळं सांगू शकाल. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. सगळ्यात छान बोलणारा निवडायची घाई नको. फोन उचलणारा निवडा. जमलं नाही तर बदलताही येतो.

लोक मीटिंगला जातात आणि तरी मध्येच गळतात, ते कुठे गळतात हेही सांगतो. पहिल्या मीटिंगला एखाद्यानं घर विकलं, बायको गेली, लिव्हर गेलं असं ऐकलं की मनात येतं, "मी कुठे इतका बिघडलोय? माझी नोकरी आहे, पगार घरी येतो." त्याच्या आणि तुमच्या नुकसानाची तुलना करू नका. खडू हातात धरता येत नाही, ते त्यानं सांगितलेल्या कुठल्या वर्षासारखं आहे ते बघा. दुसरं, एकाच मीटिंगवर मत बनवतात. कधी दोनच माणसं असतात, कधी एकजण अर्धा तास बोलतो. म्हणून सहा मीटिंग होईपर्यंत "माझ्यासाठी आहे की नाही" हा निर्णय घ्यायचा नाही, असं आधीच ठरवा. तिसरं, गटातला कुणी प्रेमानं सांगतो, "डॉक्टरच्या गोळ्या सोड, त्याही नशाच." ऐकू नका. गोळ्या ठरवणं हे डॉक्टरांचं काम, आणि एएची स्वतःचीही भूमिका तीच आहे. चौथं, उसनवारी. गटात कुणाला पैसे देऊ नका, घेऊ नका, प्लॉटचे आणि पॉलिसीचे व्यवहार करू नका. पैसे अडकले की माणूस खोली टाळतो, आणि खोली टाळली की पुढचं तुम्हाला माहीत आहे.

शपथेबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात अपराधीपणा दिसतो. आपल्या भागात माळ घालून सुटलेली माणसं आहेत, त्यांचा आदर आहे. माळेमुळे सगळं गाव राखणदार होतं, घरात भजन येतं, संगत बदलते. तुम्हाला पुढे माळ घालावीशी वाटली तर मीटिंग आड येत नाही. पण शपथ जन्माची असते, आणि ती एका पेगनं पूर्ण मोडते. मोडली की माणूस म्हणतो, आता मोडलीच आहे तर होऊ दे. मीटिंगमध्ये हिशेब आजच्या दिवसाचा असतो. आज घ्यायची नाही, उद्याचं उद्या. घसरलात तर त्याला स्लिप म्हणतात, आणि स्लिप झालेल्यानं पुढच्याच मीटिंगला यायचं असतं. पिऊन आलेल्यालाही बसू देतात, फक्त शांत बसायचं. मुक्ताईपाशी जायची लाज वाटत असेल तर तीही सोडा. अकरा दिवस खरे होते. आधी दवाखाना झाला नव्हता आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी सोबत कुणी नव्हतं.

संध्याकाळचं म्हणाल तर शाळा सुटल्यापासून नऊपर्यंतचा वेळच तुमचा वैरी आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आले की तलफ येते, आणि शाळेतून निघताना तुमच्यात बहुधा तीन असतात. दप्तरात शेंगदाणे-गूळ ठेवा, बसमध्येच खा. नेहमीचा रस्ता बदला. पगाराच्या दिवशी खिशात भाड्यापुरते पैसे ठेवा. तलफ लाटेसारखी येते, वीस-तीस मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ फोनवर काढायचा. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते, ती पहिलं वर्ष दुपारची असेल तरच स्वीकारा. ताटावर बसा, वांगं-पुरी खा, आणि शेकोटी पेटायच्या आधी निघा. हळद आणि वरात टाळा, लग्नाला अक्षतांना जा. कुणी ग्लास हातात दिलाच तर तत्त्वज्ञान सांगू नका. "गोळ्या चालू आहेत, चालत नाही," बस्स. आखाजीला पत्त्यांचा डाव मांडतात तिथे बाटली येतेच, आणि तुमची मागची आठवणही त्याच दिवसाची. त्या दिवशी मीटिंग नसेल तर नंबर घेतलेल्या तिघांपैकी एकाला आधीच सांगून ठेवा की तुमच्याकडे येतो.

तुमच्या पत्नीसाठीही स्वतंत्र मीटिंग असते. मद्यपींच्या कुटुंबीयांच्या गटांना अल-अॅनॉन म्हणतात, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींचा सहचरी नावाचा गट आहे. जवळ काही नसेल तर तुमच्या समुपदेशकाकडेच त्यांच्यासाठी वेगळी वेळ मागा. खिसे तपासणं, बाटलीवर खूण करणं, लोकांना "आज ह्यांना ताप आहे" सांगणं, हे त्या किती वर्षं करत असतील! त्यांनाही ते कुणाजवळ तरी ठेवायचं असेल.

शाळेत वैद्यकीय रजेचा अर्ज द्या, दवाखान्यात जाताना भावाला बरोबर घ्या, आणि वरच्या तीन गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवा: रोज किती, शेवटची कधी, आकडी कधी आली. हात थरथरत असतील तर बायकोला लिहायला सांगा.